लेन्स चांगली आहे

माझ्या वाढदिवसाला लेकीने पुण्याहून झूम लेन्स पाठवली आणि तिथून माझी झोप उडाली. यात लेकीची काही चूक नाही. "पप्पा, किती वर्षं त्या बारक्या लेन्सने बगळ्याचे ठिपके काढणार?" असं ती फोनवर म्हणाली होती, आणि ते खरंच होतं. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या जुन्या लेन्सने खाडीतला बगळा काढला, की फोटोत खाडी दिसायची, चिखल दिसायचा, पलीकडच्या गोडाऊनचे पत्रे दिसायचे. बगळा कुठे आहे ते मला बोट ठेवून दाखवावं लागायचं. बायको बघायची आणि म्हणायची, "हो का? मला वाटलं पिशवी अडकलीय."

नवी लेन्स हातात घेतली तेव्हा आधी तिचं वजनच जाणवलं. कडं फिरवलं की पुढचं नळकांडं सरसर बाहेर यायचं. पहिल्याच दिवशी मी घराच्या गच्चीवरून समोरच्या बिल्डिंगवर ती रोखली, तर तिथे वाळत घातलेल्या चादरीची शिवण दिसली. खुळ्यासारखा एकटाच हसलो. लेन्सच्या बाजूला एक छोटं बटण होतं. हात थोडाफार कापला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय. लेक म्हणाली, "ते चालूच ठेवा, पप्पा." ठेवलं चालू.

मी रक्त काढतो. म्हणजे तोच माझा धंदा आहे. भिवंडीतल्या एका लॅबमध्ये लागलो तेव्हा माझे केस काळे होते. सकाळी घरोघरी जाऊन उपाशीपोटीचं रक्त घ्यायचं, मग दुपारपर्यंत लॅबमध्ये बसायचं. या कामात डिग्री कुणी विचारत नाही, हात विचारतात. कुणाची नस खोल असते, कुणाची पळते, कुणी सुई बघूनच डोळे पांढरे करतं. माझा हात हलका आहे असं लोक म्हणतात. सुई गेली कधी आणि निघाली कधी, कळतच नाही, असं म्हणतात. लॅबच्या मॅडमना फोन येतात की त्यांनाच पाठवा, दुसरं कुणी नको. मला याचा माज आहे, उगाच खोटं कशाला बोला.

घरात मात्र आपली किंमत अर्धा कप चहा. बायको शाळेत शिक्षिका आहे, हिशेबाला पक्की, पण ही कंजुषी तिने अलीकडेच सुरू केली होती. कप अर्धाच भरायचा. मी म्हणायचो, "दूध काय रेशनवर मिळतं का?" ती म्हणायची, "पेपर वाचत गार करता. थोडा थोडा घ्या, परत देते." परत द्यायची, तोही अर्धा. बशी तर बंदच केली होती. मी कुरकुर करायचो आणि प्यायचो.

लेन्स घेऊन पहिल्यांदा गेलो ते राहनाळच्या बाजूला. गोडाऊनच्या रांगा संपतात तिथे मागे खाडीचं खाजण आहे, आणि थंडीत पाणी उतरलं की तिथे शेकाटे येतात. लांब लाल पायांचे, नाजूक पक्षी. रविवार होता, ट्रक कमी होते. मी स्कूटर लावली, बांधावर बसलो आणि एका शेकाट्यावर लेन्स रोखली. एवढा जवळ आला की मी श्वास रोखला. त्याचा लाल डोळा दिसत होता. पण चौकटीत तो एका जागी थांबेना. तो उभाच होता, पण चौकटीत तो बारीक बारीक नाचत होता. म्हटलं, असेल, लांबचं जवळ आणलं की तेवढं होणारच. फटाफट फोटो काढले.

तेवढ्यात मागे बाईक थांबली. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, गावातलाच जमीनवाला माणूस. मागच्या सीटवरही एक जण होता, तो उतरून माझ्या स्कूटरच्या नंबरप्लेटकडे बघायला लागला.

"तुमी कुठल्या ऑफिसातले हाव? गोडाऊनचे फोटो कशाला काढताव?"

आमच्याकडे हे असं आहे. कुणी गळ्यात मोठा कॅमेरा अडकवून शेतात उभा राहिला, की तो एकतर मोजणीवाला असतो, नाहीतर बांधकामं पाडायला आलेल्या ऑफिसातला. पक्षी बघायला कुणी येतो यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मी म्हटलं, "अहो, पक्षी काढतोय." तो म्हणाला, "पक्षी? हिकडं?" मी तोंडावरचा रुमाल काढला, धुळीसाठी बांधला होता, आणि त्याचा चेहराच बदलला.

"अरे, तुमी तर रक्तवाले! माझ्या आयचं रक्त घ्याला येताव ना तुमी? ती बोलते, त्योच माणूस यील तर रक्त दीन, न्हाय तर न्हाय." मग तो साथीदाराकडे वळला. "आपलेच हाय रे."

मग दोघे माझ्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर वाकले. मी फोटो दाखवायला लागलो. पहिला हललेला. दुसरा हललेला. तिसऱ्यात शेकाट्याला दोन चोची. तो माणूस भिडस्तपणे म्हणाला, "जरा हललंय का हे?"

"वारा आहे," मी म्हटलं.

त्याने आजूबाजूला बघितलं. "वारा? आज तर पानबी हालत न्हाय," तो म्हणाला, आणि मग पाहुण्याचा पाणउतारा नको म्हणून असेल, "थंड पानी आनू का?" असं विचारलं.

मी हसून नको म्हटलं. पण स्कूटरवर बसल्यावर किल्ली लावायच्या आधी मी उजवा हात डोळ्यांपुढे धरून बघितला, आणि त्याचं कारण मला कुणी सांगायची गरज नव्हती.

माझे बाबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. अख्खी हयात त्यांनी शिफ्टमध्ये काढली. आमचं घर ज्या गल्लीत आहे तिथे खाली लूम आणि वर माणसं, आजही तसंच. भिंतीला हात लावला तर भिंत थरथरते, फळीवरची भांडी एकमेकांना लागून बारीक वाजत राहतात. नव्या पाहुण्याला झोप येत नाही, आम्हाला लूम बंद पडले की जाग येते. बाबांच्या उजव्या हाताचा आधी अंगठा आणि पहिलं बोट हलायला लागलं. तुटलेला धागा जोडताना सूत वळतात ना, तसं. काम नसतानाही बोटं सूत वळत राहायची. गल्लीत कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. "लूम अंगात बसलाय," लोक म्हणायचे. बरोबरचे कारागीर म्हणायचे, "चाचा, मशीन घुस गया बदन में, थोडा गांव जाके आओ." आई रात्री तेलाने हात चोळायची. शिफ्ट बदलून झाली, गावी जाऊन झालं. जिथे घरच थरथरतं तिथे माणूस थरथरला तर कोण डॉक्टरकडे नेतो? शेवटी त्यांना शर्टाचं बटण लावता येईना, तेव्हा नेलं. डॉक्टरने चालायला सांगितलं, हात बघितले आणि कंपवात म्हणून सांगितलं. लूमचा काही संबंध नव्हता. तोवर फार उशीर झाला होता.

तर मला भीती वाटत होती ती ही. फोटो हलले याचं कुणाला काय पडलंय? पण हा हात गेला तर माझ्याकडे दुसरं काही नाही. राहनाळच्या त्या बाईकवाल्याच्या म्हातारीने दंड पुढे केला आणि माझी सुई थरथरली तर? ती काही बोलणार नाही. पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलवा म्हणेल.

घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, "लेन्स जरा गडबड वाटतेय." ती वह्या तपासत होती. तिने वर बघितलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "बघा अजून एकदोनदा वापरून."

वापरली. पुढच्या सुट्टीला पडघ्याच्या पुढे गेलो, हायवे सोडून आत. भात कापून झालेली शेतं, विजेच्या तारेवर नीलपंख बसलेला. उडाला की काय निळा दिसतो तो! ऊन चढलं होतं, आणि भर उन्हात फोटो झकास आले. एकेक पीस मोजून घ्यावं. जीव भांड्यात पडला. तिथेच बांधावर बसून डबा खाल्ला, बरोबर नेलेली भाकरी गोड लागली. मग एका आंब्याच्या सावलीत होला बसलेला दिसला, साधा होला, जागचा हलतही नव्हता. त्याचे फोटो काढले. सगळेच्या सगळे हललेले. परत उन्हातला काढला, नीट. परत सावलीतला, हललेला. मला फोटोग्राफी फार येत नाही, पण एवढं कळतं. उन्हात कॅमेऱ्याची उघडझाप इतकी झटकन होते की हात कापला तरी पकडला जात नाही. सावलीत ती सावकाश होते, आणि मग हाताचं बिंग फुटतं.

छे, मी स्वतःला म्हटलं, जमिनीतून वाफा निघतात दुपारी, त्याने हवा हलते. हायवेवर डांबर हलताना दिसत नाही का? सावलीत कसल्या आल्यात वाफा, हे मी स्वतःला विचारलं नाही.

लॅबमध्ये मी माझ्या हातावर पाळत ठेवायला लागलो. हे फार वाईट असतं. पेशंटच्या दंडाला पट्टा बांधताना, नस चाचपताना, मी नसेकडे कमी आणि स्वतःच्या बोटांकडे जास्त बघायचो. सुई कातडीला टेकली की हात दगडासारखा स्थिर. एकदाही चुकलो नाही, कुणाला दोनदा टोचावं लागलं नाही. पण रक्त भरून झालं, कापूस दाबून ठेवला, आणि आता काही करायचं नाही अशा वेळी माझा अंगठा हळूच हलायचा. की मला तसं वाटायचं? बघत बसलं की सगळंच हलतं. मी हात खिशात घालायला लागलो. मॅडम म्हणाल्या, "थंडी वाजते का हो तुम्हाला?" मी हो म्हटलं.

वैताग असा की कुणाशी बोलायची सोय नव्हती. मॅडम स्वतः डॉक्टर. त्यांना सांगावं तर त्या लगेच म्हणतील, काही दिवस सुई धरू नका. त्यांचं बरोबरच असेल. बायकोला सांगावं तर तिला बाबांचं सगळं माहीत, तिने स्वतः त्यांना चमच्याने भरवलेलं. लेकीला सांगावं तर ती पुण्याहून पहिल्या गाडीने येईल. मी लेन्सलाच शिव्या देत राहिलो. काय फालतू माल बनवतात, नुसतं नाव मोठं, डोक्याला ताप. बायको ऐकून घ्यायची आणि अर्धा चहा पुढे करायची.

मग मला एक युक्ती सुचली. हात मध्ये घ्यायचाच नाही. ट्रायपॉड लावायचा, कॅमेऱ्याला टायमर लावायचा, आणि आपण दोन हात मागे बांधून उभं राहायचं. तरीही फोटो हलला, तर खोट लेन्समध्ये. पण आमची गच्ची लूमच्या डोक्यावर, तिथे ट्रायपॉडही थरथरणार. म्हणून मी शुक्रवारची वाट बघितली. शुक्रवारी आमच्या गल्लीतले लूम बंद असतात. लॅबमध्ये अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. गच्चीवर जाऊन पायाखालची फरशी हाताने चाचपली, अगदी नस चाचपतो तशी. शांत होती. लांबच्या पाण्याच्या टाकीवर काळ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं आहे, त्यावर लेन्स रोखली, टायमर लावला आणि मागे सरकलो. ते दहा सेकंदांचं टीक-टीक मी मनात मोजत राहिलो.

फोटो हललेला होता. अक्षरं दुहेरी. परत काढला, परत तेच. मी गच्चीवर एकटा उभा राहून मोठ्याने म्हटलं, "हात्तिच्या!" आणि मला रडूच फुटलं. लेन्स खराब होती! मी नव्हतो. पेढे वाटावेत असं वाटलं. खाली उतरलो आणि लूमच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या शेठना उगाचच म्हटलं, "आज मस्त शांती है, नहीं?" ते म्हणाले, "शांती से पेट नहीं भरता भाई," आणि तेही मला त्या दिवशी फार छान वाटलं.

दुसऱ्याच दिवशी लेन्स घेऊन ठाण्याला दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस बोलका होता. मी त्याला मोठ्या तावातावाने सगळं सांगितलं. ट्रायपॉडवर ठेवली, हात लावला नाही, टायमर लावला, तरी फोटो हलतो, असली कसली लेन्स? त्याने शांतपणे लेन्स फिरवून बघितली आणि ते बाजूचं बटण दाखवलं.

"हे चालू होतं का, सर?"

"हो. चालूच ठेवतो."

"ट्रायपॉडवर हे बंद करायचं. हातात धरताना चालू, ट्रायपॉडवर बंद. नाहीतर हिच्या आतली काच कंप शोधत स्वतःच हलत बसते. सगळ्यांची होते ही चूक, सर." मग त्याने माझा कॅमेरा हातात घेतला, दुकानाच्या दारात उभा राहिला, आणि रस्त्यापलीकडे सावलीत असलेल्या औषधाच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढला. नुसत्या हाताने. एक हात तर त्याने नीट लावलाही नव्हता. पडद्यावर मोठा करून दाखवला. पाटीवर बसलेली माशी दिसत होती.

"लेन्स चांगली आहे, सर," तो म्हणाला. "एकदम चांगली आहे. काही काळजी करू नका."

मी त्याला थँक्यू म्हटलं. त्याने लेन्स पुसून, झाकण लावून मला दिली, आणि ती बॅगेत ठेवताना मी डावा हात वापरला.

घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "सेटिंग होतं काहीतरी. करून दिलं." ती "बरं" म्हणाली. मग भाजी चिरता चिरता म्हणाली, "उद्या वज्रेश्वरीला जाऊ या का? माझे गुडघे फार धरलेत. कॅमेरा घ्या बरोबर."

आम्ही देवळात जात नाही, पण तिथल्या कुंडाचं गरम पाणी कुणाचा धर्म विचारत नाही, आणि बायकोच्या गुडघ्यांना त्याने खरंच बरं वाटतं. सकाळच्या एसटीने गेलो. खिडकीतून शेतं गेली, गोडाऊन गेले, वीटभट्ट्या गेल्या, मी बॅग मांडीवर धरून बसलो होतो. कॅमेरा काढायची इच्छाच नव्हती. ती कुंडात पाय सोडून बसली, तिथल्या बायकांशी गुडघ्यांवर तिची चर्चा सुरू झाली. मी बाहेर पिंपळाच्या पारावर येऊन बसलो. समोर चहाचं दुकान, प्रसादाची दुकानं, एसटीतून उतरणारी माणसं. तारेवर एक खंड्या बसला होता. त्याच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

थोड्या वेळाने ती पाय पुसत आली आणि म्हणाली, "द्या इकडे कॅमेरा. मी तुमचा काढते."

"तुला जड होईल."

"वह्यांचे गठ्ठे कोण उचलतं रोज? द्या. लेन्स आल्यापासून तुमचा एक फोटो नाही. लेकीला पाठवते."

कुठलं बटण दाबायचं ते तिला दाखवलं. ती रस्ता ओलांडून पार प्रसादाच्या दुकानांपाशी गेली. मला वाटलं गंमत करतेय. लांबून तिने लेन्स माझ्यावर रोखली आणि ओरडली, "इकडे बघू नका! नुसते बसा!" मी नुसता बसलो. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि एसटीकडे बघत राहिलो. काही करायचं नव्हतं.

ती परत आली. आम्ही चहाच्या दुकानात बाकावर बसलो, तिने कॅमेरा माझ्यापुढे ठेवला. पडद्यावर मी होतो. फोटो सुंदर आला होता, मी आजवर काढलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा. सावलीत बसलेला असूनही हनुवटीवरचे पांढरे खुंट दिसत होते, शर्टाच्या बटणातला दोरा दिसत होता. मी फोटो मोठा करून खाली सरकवला. डावा हात गुडघ्यावर, नखं स्वच्छ, घड्याळाचे काटे वाचता येत होते. उजव्या गुडघ्यावर हात नव्हता. तिथे बोटांच्या जागी एक पुसट, करडा फराटा होता.

"बटण दाबताना तुझा हात..." मी सुरुवात केली, आणि घड्याळाचे काटे परत दिसले.

मला भीती वाटेल असं वाटलं होतं. ती तर महिनाभर वाटतच होती. त्या वेळी वाटली ती लाज. एवढ्या माणसांत, एवढ्या लख्ख फोटोत, माझा हात माझ्या नकळत बाबांचं सूत वळत बसला होता.

चहावाला विचारायला आला. बायको म्हणाली, "एक बिनसाखरेचा, फुल. आणि एक साखरेचा, अर्धा."

मी तिच्याकडे बघितलं. "अर्धा कशाला?" विचारलं खरं, पण विचारता विचारताच मला कळलं होतं.

"सांडतो तुमच्या हातून," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पावसाळ्याच्या आधी लेकीकडे गेलो होतो ना, तेव्हापासून. तुमच्या हातात बशी वाजायला लागली होती."

माझं डोकं फिरलं. "मग बोलली का नाहीस? मी इथे जीव टांगणीला लावून बसलोय, लेन्सला शिव्या घालतोय..."

"आधी मीच घाबरून गप्प बसले," ती म्हणाली. "बाबांचं सगळं आठवलं. मग बोलणारच होते, तर लेन्स आली. तुम्ही तिला शिव्या द्यायला लागलात. म्हटलं, देऊ देत थोडे दिवस. तेवढाच आराम." मग तिने पदराने पडद्यावरचा ठसा पुसला. "पण काल तुम्ही डाव्या हाताने बॅग ठेवलीत घरात. तेव्हा म्हटलं, आता बस झालं. फोटो काढायला म्हणूनच आणलं तुम्हाला इथे. तोंडाने सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं."

चहा आला. मी उजवा हात बाकाखाली घेतला आणि डाव्याने ग्लास धरला. ती म्हणाली, "उजव्याने घ्या. अर्धाच आहे." मी घेतला. सांडला नाही.

"उद्या मॅडमना सांगतो," मी म्हटलं. "सुई बंद करायला सांगतील त्या."

"सांगायचंच. पण त्याआधी आपण डॉक्टरांकडे जायचं. बाबांचं सगळं लूमवर ढकललं, तुमचं लेन्सवर ढकलायचं नाही. औषधं आहेत आता, लवकर कळलं तर फरक पडतो. तुम्हीच सांगत असता लोकांना."

मी मान हलवली. राहनाळची म्हातारी डोळ्यांपुढे आली, तिचा सुरकुतलेला दंड, आणि आता तिथे कोण जाणार ते कळेना. मग मला एकदम काहीतरी आठवलं आणि मी ग्लास खाली ठेवला. बायकोला शुगर आहे. तिचं रक्त दर खेपेला मीच काढतो, घरीच, खिडकीपाशी बसवून, शाळेत जायच्या आधी.

"मागच्या महिन्यात तुझं रक्त काढलं मी."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तरी हात पुढे केलास?"

तिने तिचा काठोकाठ भरलेला ग्लास उचलला, फुंकर घातली, आणि एक घोट घेतला.

"दुखलं नाही," ती म्हणाली.